रीस्टार्टनंतर भाव गायब: काफ्कावरची कॅश अर्धवट का भरते आणि ती पक्की कशी भरायची

तक्रार साधारण अशी येते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की ॲपवर केळीचे काही भाव दिसतात, काही दिसत नाहीत. रावेरच्या नवतीचा भाव आहे, चोपड्याच्या कांदेबागचा नाही. कधी कालचाच भाव आजचा म्हणून झळकतो आणि अमळनेरहून एखादा व्यापारी फोनवर सांगतो, "हाऊ ते कालना भाव शे, भाऊ." मग नवे संदेश येत राहतात, रिकाम्या जागा भरत जातात, आणि तक्रार ज्याच्याकडे गेली तो "आता ठीक दिसतंय" म्हणून विषय मिटवतो. पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तेच.

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या छोट्या-मोठ्या टीमकडे हे दुखणं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एकदा नीट लिहूनच काढतो. कोड प्रत्येकाचा वेगळा असतो, मूळ मात्र चार-पाच ठिकाणीच सापडतं. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट असते: कॅश (मेमरीतली भावांची तयार प्रत) पूर्ण भरली की नाही, हे प्रोग्राम मोजत नाही, गृहीत धरतो.

मांडणी डोळ्यासमोर असू द्या. काफ्का म्हणजे संदेश आले त्या क्रमाने नोंदवून ठेवणारी प्रणाली, आणि टॉपिक म्हणजे तिच्यातली एका विषयाची वही. भावांचं एक टॉपिक आहे. त्यात प्रत्येक संदेशाची की (ओळखीचं नाव) म्हणजे गाव आणि मालाचा प्रकार: सावदा-नवती, रावेर-पिलबाग, चोपडा-कांदेबाग, फैजपूर-वापसी. व्हॅल्यूमध्ये भाव आणि तारीख. एक सर्व्हिस हे टॉपिक वाचते आणि मेमरीत मॅप (की विचारली की व्हॅल्यू देणारी यादी, हीच आपली कॅश) भरते. मोबाइल ॲप त्या मॅपला विचारतं. शिवाय गाड्यांच्या भरतीचं दुसरं टॉपिक आहे, त्यातल्या प्रत्येक गाडीला याच मॅपमधून भाव लावला जातो. मुनीम रोजकीर्दीवरून खतावणी लिहितो, तसंच हे आहे: काफ्का म्हणजे रोजकीर्द, कॅश म्हणजे खतावणी. खतावणी जळाली तरी रोजकीर्दीवरून पुन्हा उभी राहते, पण पहिल्या पानापासून उतरवली तरच.

ॲपवर भाव दिसला नाही तर माणूस फोन करून विचारतो. खरं नुकसान भरतीच्या बाजूला होतं. गाडी येते, मॅपमध्ये भाव सापडत नाही, प्रोग्राम शून्य धरतो आणि नोंद पुढे सरकते. ती चूक हिशेबाच्या वेळी उघडी पडते, तोवर गाडी दिल्लीला पोचून रिकामीही झालेली असते. म्हणून "थोड्या वेळाने आपोआप ठीक होतं" हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

आपल्याकडे हा दोष जास्त छळतो, त्याला कारण आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, वीज जाते, यूपीएस दम तोडतो आणि सर्व्हर भर दुपारी बंद पडतो. म्हणजे सुरुवातीचा कोड, जो इतर ठिकाणी महिन्यातून एखाद्या वेळी चालतो, तो इथे सारखा चालतो. दुसरं म्हणजे केळीचा भाव दिवसाला एकदा येतो. सोन्याच्या भावासारखा तो सतत हलत असता, तर राहून गेलेली की पुढच्याच मिनिटाला भरली असती आणि दोष कोणाला कळलाही नसता. इथे राहून गेलेली की उद्यापर्यंत राहूनच जाते. वापसीचा भाव, आडत्याचा कमिशन दर, व्यापाऱ्याचा पत्ता अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टी तर त्याहून जास्त काळ. रीस्टार्टनंतर वारंवार बदलणाऱ्या की दिसताहेत आणि क्वचित बदलणाऱ्या गायब आहेत, असं चित्र असेल तर निदान जवळजवळ झालंच: टॉपिक सुरुवातीपासून वाचलं गेलेलं नाही.

आधी आकडे लॉगमध्ये काढा

काहीही बदलण्याआधी एक काम करा. सर्व्हिस सुरू होताना प्रत्येक पार्टिशनसाठी (टॉपिकच्या प्रत्येक भागासाठी) चार आकडे लॉगमध्ये लिहा: पार्टिशनमधला पहिला ऑफसेट (संदेशाचा अनुक्रमांक), शेवटचा ऑफसेट, आपण वाचायला कुठून सुरुवात केली आणि आता कुठवर पोचलो. शेवटी मॅपमध्ये एकूण किती की आल्या तेही. पहिले दोन आकडे कन्झ्युमरच्या (टॉपिक वाचणाऱ्या क्लायंटच्या) बिगिनिंग-ऑफसेट्स आणि एंड-ऑफसेट्स या कॉलमधून मिळतात, उरलेले पोझिशनमधून (पुढे जिथून वाचायचं तो ऑफसेट).

समजा लॉग असा आला:

पार्टिशन ०: पहिला ०, शेवटचा १८२४०, वाचन १८२३६ पासून, पोच १८२४०
पार्टिशन १: पहिला ०, शेवटचा १७९११, वाचन १७९११ पासून, पोच १७९११
मॅपमधल्या की: ३

इथे आणखी काही शोधायची गरजच नाही. अठरा हजारांहून जास्त ऑफसेटच्या पार्टिशनमधले शेवटचे चार संदेश वाचले, दुसऱ्यातला एकही नाही, आणि सर्व्हिसने "तयार" म्हणून घोषणा केली. पुढचा बराचसा मजकूर हे चार आकडे वाचता येण्यासाठीच आहे.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण: जुना कमिट केलेला ऑफसेट

ऑटो-ऑफसेट-रीसेट या सेटिंगचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. मूळ किंमत लेटेस्ट असते, ती अर्लिएस्ट केली की प्रत्येक वेळी सुरुवातीपासून वाचन होईल, असं वाटतं. तसं होत नाही. हे सेटिंग फक्त तेव्हाच लागू होतं जेव्हा त्या ग्रुपचा (एकाच ग्रुप आयडीने वाचणाऱ्या कन्झ्युमरांचा) कमिट केलेला, म्हणजे "इथवर वाचलं" म्हणून नोंदवलेला ऑफसेट ब्रोकरकडे (काफ्काच्या सर्व्हरकडे) नसतो, किंवा असलेला ऑफसेट आता टॉपिकमध्ये उरलेला नसतो. ऑफसेट असेल तर वाचन तिथूनच पुढे चालू होतं, मग सेटिंगमध्ये काहीही लिहा.

म्हणूनच हा दोष चाचणीत सापडत नाही. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ग्रुप नवा, कमिट नाही, वाचन शून्यापासून, कॅश पूर्ण. खऱ्या सर्व्हरवर पहिल्या दिवशीही तसंच. ऑटो-कमिट मुळातच चालू असतं आणि दर ५ सेकंदांनी ऑफसेट लिहीत राहतं. मग पहिला रीस्टार्ट होतो. मेमरीतला मॅप गेला, ब्रोकरकडचा ऑफसेट मात्र शाबूत. वाचन शेवटाजवळून सुरू होतं आणि मॅप रिकामा.

यातला एक चकवा सांगतो. रिकाम्या झालेल्या ग्रुपचे ऑफसेट ब्रोकर ७ दिवसांनी पुसतो (काफ्का २.० च्या आधी ही मुदत मुळात १ दिवसाची होती). त्यामुळे दिवाळीत आठवड्याहून जास्त काळ सर्व्हर बंद ठेवला, तर सुट्टीनंतर सगळं अगदी व्यवस्थित चालतं! लोकांना वाटतं मशीनला विश्रांती मिळाली म्हणून सुधारलं. प्रत्यक्षात जुना ऑफसेट पुसला गेला आणि अर्लिएस्टला पुन्हा काम मिळालं.

दुरुस्ती: मेमरीत कॅश भरणाऱ्या कन्झ्युमरला ग्रुपच्या भानगडीत पाडू नका. सबस्क्राइबऐवजी असाइन वापरा, टॉपिकची सगळी पार्टिशन्स स्वतः मागून घ्या, सीक-टू-बिगिनिंग करा (वाचन पहिल्या ऑफसेटवर न्या) आणि ऑटो-कमिट बंद ठेवा. दर वेळी नवा ग्रुप आयडी बनवायची युक्तीही काही जण करतात. ती चालते, पण ब्रोकरवर मेलेल्या ग्रुपांचा ढीग साचतो आणि ग्रुपमध्ये सामील होण्यातला वेळ उगाच जातो. मला ती पटत नाही. असाइनमध्ये एकच पथ्य आहे: टॉपिकला मागाहून पार्टिशन वाढवलं तर चालू सर्व्हिसला ते कळत नाही. वाढवलं की सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

असाइनमुळे दुसरी एक तक्रारही मिटते. सर्व्हिसच्या दोन प्रती एकाच ग्रुप आयडीने चालवल्या की काफ्का पार्टिशन्स दोघींत वाटून देतो. कामाच्या वाटणीसाठी हे उत्तम, कॅशसाठी घातक, कारण प्रत्येकीकडे अर्धेच भाव येतात. ओळखायची खूण अशी: ॲप रिफ्रेश केलं की भाव दिसतो, पुन्हा केलं की जातो. विनंती कधी एकीकडे जाते, कधी दुसरीकडे.

"भरली" हे ठरवायचं कसं

सुरुवातीपासून वाचायला लागलो तरी थांबायचं कुठे, हा प्रश्न राहतोच, आणि सगळ्यात चिवट दोष इथेच असतात.

एक पद्धत दहा सेकंद झोपण्याची. टॉपिक छोटं असेपर्यंत पुरते, मोठं झालं की एके दिवशी पुरत नाही, आणि तो दिवस सांगून येत नाही. दुसरी पद्धत म्हणजे पोल (ब्रोकरकडे केलेली संदेशांची मागणी) रिकामा आला की वाचन संपलं असं मानायचं. ही जास्त फसवी, कारण तर्काला पटते. पण पोल रिकामा यायला संदेश संपलेलेच असावे लागतात असं नाही. पहिल्या पोलच्या वेळी कन्झ्युमर अजून ब्रोकरशी ओळख करून घेत असतो, नेटवर्क मंद असतं, एखाद्या पार्टिशनचा लीडर (ते सांभाळणारा ब्रोकर) बदलत असतो. वीज परत आल्यावरच्या पहिल्या मिनिटांत तर हे हमखास.

योग्य पद्धत एवढीच: सुरुवातीला एकदा प्रत्येक पार्टिशनचा शेवटचा ऑफसेट विचारून घ्या आणि बाजूला लिहून ठेवा. मग पोल करत राहा. प्रत्येक पोलनंतर प्रत्येक पार्टिशनची पोझिशन तपासा. सगळ्यांची पोझिशन लिहून ठेवलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, की कॅश भरली. शेवटचा ऑफसेट लूपच्या आत पुन्हा पुन्हा विचारू नका. भाव येण्याच्या वेळी संदेशांचा ओघ असेल तर शेवट पुढे सरकत राहतो आणि आपण त्याच्या मागे धावत राहतो.

इथे पोझिशनच का, हातात आलेल्या संदेशाचा ऑफसेट का नको? कारण एंड-ऑफसेट म्हणजे शेवटच्या नोंदीच्या पुढचा आकडा. १८२४० असेल तर बरेच जण लिहितात, "१८२३९ चा संदेश आला की थांब." आता प्रोड्यूसर (संदेश पाठवणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन (अनेक संदेश एकत्रच पक्के किंवा रद्द करणं) वापरत असेल तर प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या शेवटी काफ्का स्वतःची एक खूण लॉगमध्ये लिहितो. ती खूण ऑफसेट खाते, पण कन्झ्युमरच्या हातात कधीच येत नाही. १८२३९ वर ती खूण असेल तर आपण १८२३८ चा संदेश घेऊन जन्मभर वाट पाहत बसू. सर्व्हिस "सुरू होत आहे" वर अडकून पडते, एरर नाही, काही नाही. पोझिशन मात्र ती खूण ओलांडून १८२४० वर गेलेली असते. रिकाम्या पार्टिशनचंही तेच: तिथे पहिला आणि शेवटचा ऑफसेट सारखाच असतो, संदेश येणारच नाही, संदेशाची वाट पाहणारा लूप लटकतो. पोझिशनवर ठेवलेली अट दोन्ही ठिकाणी बिनबोभाट पूर्ण होते.

ट्रान्झॅक्शन असतील तर आयसोलेशन-लेव्हलकडेही बघा. रीड-कमिटेड (फक्त पक्के झालेले ट्रान्झॅक्शन वाचणाऱ्या) कन्झ्युमरला एंड-ऑफसेट विचारला की तो अर्धवट ट्रान्झॅक्शनच्या अलीकडचा आकडा देतो. एका कन्झ्युमरने आकडा विचारायचा आणि वेगळ्या सेटिंगच्या दुसऱ्याने वाचायचं, असं केलंत तर दोघांचे शेवट जुळणार नाहीत. ज्याने विचारलं त्यानेच वाचावं.

कालचा भाव आजचा म्हणून दिसतो तेव्हा

गायब भाव आणि शिळा भाव ही दोन वेगळी दुखणी आहेत. शिळा भाव बहुधा तिथे दिसतो जिथे कॅश आधी डेटाबेसमधून भरतात आणि मग काफ्काला जोडतात. डेटाबेस वाचून झाला आणि कन्झ्युमर शेवटापासून ऐकायला लागला, या दोन क्षणांच्या मधल्या फटीत आजचा भाव येऊन गेला, तर तो ना डेटाबेसमधून मिळाला ना काफ्कातून. फट छोटी असते म्हणून दोष क्वचित दिसतो, आणि क्वचित दिसतो म्हणून वर्षानुवर्षं टिकतो.

क्रम उलटा करा. आधी शेवटचा ऑफसेट टिपून घ्या, मग डेटाबेस वाचा, मग टिपलेल्या ऑफसेटपासून संदेश लावायला घ्या. काही संदेश दोनदा लागतील, त्याने बिघडत नाही. अट एकच, डेटाबेसमधल्या ओळीपेक्षा जुना संदेश नव्यावर बसू देऊ नका. त्यासाठी ओळीसोबत ज्या संदेशामुळे ती लिहिली गेली त्याचं पार्टिशन आणि ऑफसेट साठवा. तुलना घड्याळाच्या वेळेवर ठेवू नका. वीज गेल्यावर बोर्डाची बॅटरी संपलेली मशीन भलत्याच तारखेने उठतात, नेट जोडलं जाऊन घड्याळ जुळेपर्यंत आलेल्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. ऑफसेटला तारखेशी देणंघेणं नसतं.

टॉपिकचं धोरण तपासलंय का?

कोड निर्दोष, वाचन शून्यापासून, तरी जुन्या की गायब? टॉपिक कॉम्पॅक्ट आहे का बघा. मूळ धोरण डिलीटचं असतं आणि मूळ मुदत ७ दिवसांची. आठवडाभर ज्याचा भाव निघाला नाही, त्या मालाची की टॉपिकमधूनच पुसली जाते. चालू सर्व्हिसच्या मेमरीत ती असते, म्हणून रीस्टार्टपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. वर लॉगमध्ये पहिला ऑफसेट लिहायला सांगितलं ते यासाठीसुद्धा: डिलीट धोरणाच्या टॉपिकवर तो शून्यापासून पुढे सरकलेला दिसेल. क्लीनअप-पॉलिसी कॉम्पॅक्ट केली की प्रत्येक कीचा निदान शेवटचा संदेश टिकतो. की नसलेला संदेश मात्र अशा टॉपिकवर स्वीकारला जात नाही, तेव्हा बदल करण्याआधी प्रोड्यूसर की पाठवतोय याची खात्री करा.

कॉम्पॅक्ट टॉपिकवर एखादी की काढायची तर रिकाम्या व्हॅल्यूचा संदेश पाठवतात, त्याला टूमस्टोन म्हणतात. कॅश भरणाऱ्या कोडने तो पाहून मॅपमधून की काढली पाहिजे. अनेक ठिकाणी रिकामी व्हॅल्यू सरळ पार्सरला दिली जाते, तिथे नल पॉइंटर एक्सेप्शन येतं, भरणारा थ्रेड मरतो, आणि बाकीची सर्व्हिस अर्ध्या मॅपवर खुशाल चालू राहते. भरणाऱ्या थ्रेडमध्ये काहीही फुटलं तर पूर्ण सर्व्हिस पडली पाहिजे. अर्धा मॅप घेऊन उभं राहण्यापेक्षा ते बरं.

कॅश डिस्कवर साठवत असाल तर एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. टूमस्टोन कॉम्पॅक्शननंतर मुळात २४ तासच हमखास राहतो. मशीन त्याहून जास्त बंद राहिलं, तर काढून टाकलेल्या व्यापाऱ्याचं नाव डिस्कवरच्या जुन्या कॅशमधून पुन्हा उगवू शकतं. इतका वेळ बंद राहिल्यावर डिस्कवरची कॅश फेकून शून्यापासून भरणंच योग्य.

दार कधी उघडायचं

कॅश भरेपर्यंत सर्व्हिसने उत्तर देऊ नये, हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात वेब सर्व्हर आणि भरतीचा कन्झ्युमर दोन्ही फ्रेमवर्क स्वतःहून सुरू करून टाकतं आणि कॅश मागे भरत बसते. भरतीचा कन्झ्युमर आपण हाताने सुरू करा, कॅश भरल्यानंतर. ते जमत नसेल तर त्याला पॉज करा, पण पोल चालू ठेवा. पोल थांबवून कॅश भरत बसलात आणि त्याला ५ मिनिटांहून जास्त लागली, तर मॅक्स-पोल-इंटरव्हल ओलांडलं जातं, ग्रुपमधून हकालपट्टी होते, रीबॅलन्स (पार्टिशन्सची फेरवाटणी) होतो आणि तेच चक्र पुन्हा.

कुबरनेटीसवर (सर्व्हिस चालवणारी आणि पडली तर उठवणारी प्रणाली) चालवत असाल तर "तयार आहे का" हा प्रश्न रेडिनेस प्रोबला (विनंत्या पाठवायच्या का हे ठरवणारी तपासणी) विचारा, लाइव्हनेसला (जिवंत आहे का हे बघणारी) नाही. लाइव्हनेसला कॅशची अट जोडली की भरायला उशीर झालेली सर्व्हिस मारली जाते, पुन्हा पहिल्यापासून भरते, पुन्हा मारली जाते. जास्त वेळ लागणार असेल तर स्टार्टअप प्रोब लावा.

आणि कॅशकडून येणारी दोन उत्तरं कोडमध्ये वेगळी ठेवा: "अजून माहीत नाही" आणि "असा भाव नाही". दोन्हींसाठी नल परत केला की पुढचा माणूस त्याचा शून्य करतो. भरतीच्या नोंदीत भाव सापडला नाही तर ती नोंद बाजूच्या टॉपिकवर टाका, माणसाने बघावी. शून्याने हिशेब कधीही पुढे जाऊ नये.

काफ्का स्ट्रीम्स (काफ्कावरचे संदेश प्रक्रिया करायची लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ग्लोबल-के-टेबल (प्रत्येक प्रतीकडे पूर्ण टॉपिकची यादी) पूर्ण भरल्यावरच प्रक्रिया सुरू होते, त्यामुळे भावासारख्या छोट्या संदर्भ-यादीसाठी मी तेच सुचवतो. साधं के-टेबल (प्रत्येक प्रतीकडे काही पार्टिशन्सचीच यादी) तशी हमी देत नाही, शिवाय जोडणीसाठी दोन्ही टॉपिकची पार्टिशन्स जुळावी लागतात. तिथे जावा आणि पायथन प्रोड्यूसर मिसळले की घोळ होतो, कारण जावाचा क्लायंट कीवरून पार्टिशन ठरवायला मर्मर-२ हॅश वापरतो आणि लिब-आरडी-काफ्कावर बसलेला पायथनचा क्लायंट मुळात सीआरसी-३२. एकच "सावदा-नवती" दोन वेगळ्या पार्टिशनवर जाते. पायथनकडे पार्टिशनर मर्मर-२-रँडम करा. आणि स्टेट-डिर (स्ट्रीम्सचं स्टोअर, म्हणजे डिस्कवरची यादी, ठेवायचं फोल्डर) टेम्प फोल्डरमधून हलवा, नाहीतर मशीन उठताना ते फोल्डर साफ झालं की सगळं स्टोअर चेंजलॉगमधून (त्याच्या बदलांच्या टॉपिकमधून) पुन्हा भरत बसेल.

बदल झाल्यावर तपासणी अशी करा. चाचणीच्या टॉपिकवर एक की फक्त एकदाच लिहा आणि नंतर तिला हात लावू नका. एक पार्टिशन रिकामं ठेवा. एक टूमस्टोन टाका. शेवटचा संदेश ट्रान्झॅक्शनमधून पाठवा. मग प्रोड्यूसर चालू असतानाच सर्व्हिस किल-९ ने मारा आणि उठवा, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, कारण पहिल्या सुरुवातीत हे दोष दिसतच नाहीत. दर वेळी एकदाच लिहिलेली की मॅपमध्ये असली पाहिजे आणि टूमस्टोनवाली नसली पाहिजे.

शेवटी वीज येण्याच्या क्षणाचं. लाइट आली की ब्रोकर आणि सर्व्हिस एकाच वेळी उठतात. ब्रोकर नीट बंद झालेला नसतो, म्हणून तो आधी आपल्या लॉग फाइली तपासतो आणि त्यात वेळ जातो. तेवढ्यात सर्व्हिस शेवटचे ऑफसेट विचारते आणि टाइमआउट खाते. काही कोडमध्ये हा टाइमआउट पकडून रिकामी यादी परत केलेली असते. रिकाम्या यादीतल्या "सगळ्या" पार्टिशन्सची अट तत्काळ पूर्ण होते आणि सर्व्हिस शून्य की घेऊन तयार होते. पार्टिशन्सची यादी रिकामी आली तर तो दोष समजा, थोडं थांबून पुन्हा विचारा, आणि यादी मिळेपर्यंत रेडिनेसला "नाही" म्हणत राहा.